राणीच्या बागेतील मृगशोध

संस्कृत भाषेत 'मृग' या शब्दाचा अर्थ केवळ हरिण एवढाच नाही. वनात संचार करणारा कोणताही पशू हा मृगच होय. म्हणूनच सिंहास मृगेंद्र म्हणतात, वानर हा शाखामृग ठरतो आणि राजेलोकांच्या शिकारीस मृगया हे नाव मिळते. या शब्दाच्या मुळाशी जो 'मृग्' धातू आहे, त्याचा अर्थ शोधणे असा आहे. ज्याचा शोध घ्यावा लागतो तो मृग. अरण्यात हिंडलेल्या मनुष्यास ही व्युत्पत्ती समजावून सांगण्याचे कारण पडत नाही. दिवसभर पायपीट करून त्याच्या पदरी पुष्कळदा ओल्या मातीतील चार ठसेच पडतात. प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्यास मात्र नेमका याच अर्थाचा विसर पडतो. तेथे वाट बांधलेली असते, प्राण्याच्या नावाची पाटी लावलेली असते, आणि पाटी वाचली म्हणजे प्राणी पाहिला अशी आपली समजूत होऊन बसते. ही समजूत किती पोकळ आहे, हे गेल्या दिवाळीच्या सुटीत मुंबईच्या राणीच्या बागेत घालविलेल्या एका दिवसाच्या आधारे वाचकांपुढे मांडावे, असा आमचा हेतू आहे.

पशुपक्षी एकत्र ठेवून पाहण्याची हौस जुनीच आहे. व्हिएन्ना शहरातील शोनब्रुन येथील संग्रह १७५२ सालचा; तो प्रथम केवळ राजघराण्याच्या मनोरंजनासाठी होता. आपल्याकडे सवाई माधवराव पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना बाळगला होता. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ सालचे; तेथे प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास हा उद्देश स्पष्टपणे पुढे आला. भायखळ्याची आपली बाग १८६२ साली खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला दिलेले असल्याने लोक तिला राणीची बाग म्हणू लागले, आणि पुढे ती वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली तरी लोकांच्या तोंडचे जुने नाव काही सुटले नाही. जिजाऊसाहेबांच्या नावानेही ते खोटे ठरत नाही, हा एक सुखद योगायोग म्हणावयाचा.

आमची मंडळी नऊ. त्यांत आमच्या वडील भगिनी होत्या. त्यांना सारे घर अक्का म्हणते व त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. आमची धाकटी सून होती; तिचा प्राणी कोंडून ठेवण्यालाच मुळी विरोध. 'मुलं काय बघतात ते बघायला येते,' असे सांगून ती निघाली होती. आणि सहा ते तेरा वर्षे वयाचे तिसऱ्या पिढीचे पाच प्रतिनिधी होते. मुलांस आम्ही एकच नियम घालून दिला. सबंध बाग पाहावयाची नाही. मोजके प्राणी निवडावयाचे, प्रत्येकापुढे निदान पंधरा मिनिटे उभे राहावयाचे आणि पाटीवर न लिहिलेली एक तरी गोष्ट आपल्या डोळ्यांनी शोधून काढावयाची. मास्तरकी निवृत्तीनंतरही सुटत नाही, असे आमचे चिरंजीव पुटपुटले. आम्ही ते ऐकले नाही, असे दाखविले.

बागेत शिरताच प्रथम गाठ पडली ती एका पाषाणाच्या हत्तीशी. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलताना तो खाली पडून भंगला, आणि त्याचे तुकडे भायखळ्यास आले. पुढे ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आमच्या बालपणी या बागेत खऱ्या हत्तीच्या पाठीवर बसून फेरी मारता येत असे, आणि त्या फेरीवाचून राणीची बाग पाहिल्याचे कोणी कबूल करीत नसे. आता ती प्रथा राहिली नाही, आणि तिची कारणेही तशीच सबळ आहेत. त्यांकडे आपण पुढे वळू.

हरणांच्या कुंपणापाशी आमच्या नियमाची पहिली परीक्षा झाली. पाच मिनिटांत मुले कंटाळली. दहाव्या मिनिटास तेरा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, त्या चितळाच्या शिंगांवर लव आहे, मखमलीसारखी. आणि त्या पलीकडच्याच्या शिंगांवर नाही." हाच तो शोध. चितळ, सांबर यांची शिंगे गाई-म्हशींच्या शिंगांसारखी जन्मभराची नसतात. ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. वाढत्या शिंगावर मऊ, केसाळ त्वचा असते. तिच्यातून रक्त खेळते व शिंगाचे पोषण होते. वाढ पुरी झाली की ही त्वचा सुकते, आणि नर ती झाडावर घासून काढून टाकतो. काळविटाची पिळदार शिंगे मात्र कायमची असतात. जुन्या घरांतून सहाणेवर उगाळले जाणारे साबरशिंग ते हेच गळून पडणारे शिंग. आता त्याच्या खरेदी-विक्रीस कायद्याने बंदी आहे, म्हणून कोणाच्या आजीच्या बटव्यात जुना तुकडा निघालाच तर त्याच्या जोडीस नवा शोधू नये.

मुले शिंगे निरखीत असता अक्कांनी पिशवीतून पोळ्या व गूळ यांची पुडी बाहेर काढली. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस याचे आश्चर्य वाटणार नाही. वैश्वदेव, गोग्रास आणि काकबळी ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या घरातील स्त्रीस मुक्या जनावरापुढे रिकाम्या हाताने उभे राहणे अपुरे वाटते. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ तो हाच. परंतु पुडी सुटते न सुटते तोच तेथील रखवालदार लगबगीने पुढे आला व हात जोडून म्हणाला, "आजी, नका देऊ. ह्यांचं सगळं मोजून ठरलेलं असतं."

"अरे, गाईला आम्ही रोज घालतो की," अक्का म्हणाल्या.

"गाईलासुद्धा फार पोळ्या घातल्या तर ती फुगते, आजी. पण तिला धरून औषध पाजता येतं. हे जवळ तरी येतात का? धरायला गेलं तर भीतीनंच मरायचे."

रखवालदाराचे म्हणणे अक्षरशः शास्त्रशुद्ध होते. गाय, हरिण, सांबर हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात, आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव पाला व गवत कुजवून पचनयोग्य करतात. या जीवांस गवताची सवय असते. पोळी, भात, ब्रेड, बिस्किटे असे पिठूळ अन्न एकाएकी पुष्कळ आत गेले की ते आंबते, पोटात आम्ल साठते आणि प्राणी दगावूही शकतो. शिवाय मोठ्या गर्दीच्या दिवशी प्रत्येकाने एकच घास दिला तरी घास किती झाले, याचा हिशेब कोणी करावयाचा? म्हणूनच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात पुढे जे प्रकरण प्राणिसंग्रहालयांसाठी घालण्यात आले, त्यात प्राण्यास डिवचणे, इजा करणे, गोंगाट करून त्रास देणे यांच्याच पंगतीस त्यास खाऊ घालणेही अपराध म्हणून बसविले आहे.

अक्का क्षणभर गप्प राहिल्या. चारचौघांत हात अडविला गेल्याचे त्यांना लागले होते, हे आम्हांस दिसत होते. मग त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली आणि रखवालदाराच्या हाती ठेवीत विचारले, "तुझ्या मुलांना चालतील ना?" तो हसला व त्याने ती घेतली. पुढे चालू लागल्यावर अक्का आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तान्ह्याला त्याच्या आईला विचारल्यावाचून कोणी भरवतं का?" भूतयज्ञाचे याहून चांगले भाष्य आमच्या वाचनात नाही.

पुढे अस्वल भेटले. आमच्या पिढीस अस्वल ठाऊक आहे ते दरवेश्याचे. डमरूच्या तालावर ते नाचे, लहान मुलांस त्याच्या पाठीवर बसवीत आणि त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधीत. त्या नाचाचे गुपित असे की, पिलू आईपासून तोडून त्याच्या नाकाडातून तापलेल्या सुईने भोक पाडीत व त्यात दोरी ओवीत. दोरी ओढली की वेदनेने ते उभे राही. तोच आम्हांस नाच वाटे. हा धंदा कायद्याने बंद झाला तरी चोरून चालूच होता. दरवेश्यांस दुसरे उपजीविकेचे साधन देऊन अस्वले सोडवून घेण्याचे काम पुष्कळ वर्षे चालले, आणि २००९ साली ते जवळजवळ पूर्णत्वास गेले. येथे दोरीवाचून वावरणारे अस्वल पाहताना मुलांस त्याची लांब नखे दिसली. ती वारुळे फोडण्यासाठी असतात. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात; त्या फटीतून ते वाळवी भाता ओढल्यासारखी शोषून घेते, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्या वेळी नाकपुड्या मिटूनही घेते. त्याची मादी पिलांस पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे अस्वलाच्या पाठीवर बसण्याचा मान मुळात कोणाचा, हे उघड आहे.

पेंग्विन पाहावयास मुलांची झुंबड उडाली. हे पक्षी २०१६ साली दक्षिण कोरियातील सोल शहरातून आले. प्रथम आठ आले, त्यांतील एक त्याच वर्षी दगावला, आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांस पाहता येऊ लागले. पुढे त्यांचा वंशही येथे वाढला. सहा वर्षांच्या नातवाने आल्याबरोबर विचारले, "बर्फ कुठे आहे?" हा प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो, परंतु ते विचारीत नाहीत. हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडील नव्हेत. ते पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तेथे बहुतेक भागात पाऊस फारसा नाही आणि बर्फही नाही. मात्र किनाऱ्यालगत समुद्राचा एक शीत प्रवाह वाहतो, त्याच्या आधाराने ते जगतात. म्हणून येथे त्यांच्यासाठी १६ ते १८ अंश उष्णता राखली जाते. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे साचून झालेले थर हे त्यांचे मूळ घर. त्यात बीळ करून ते अंडी घालतात. एकोणिसाव्या शतकात तेच थर खत म्हणून खणून जहाजे भरभरून युरोपास गेले आणि या पक्ष्यांचे बिऱ्हाड उघड्यावर पडले. जमिनीवर हा पक्षी पोट सांभाळीत चालणाऱ्या शेठजीसारखा दिसतो. पाण्यात शिरला की तेच तोकडे पंख मारीत अक्षरशः उडतो. नातवाचा शोध असा की, प्रत्येकाच्या छातीवरील काळे ठिपके निराळे आहेत. ते खरेच निराळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांवरून पक्षी ओळखता येतो.

व्याघ्राच्या दालनापुढे मात्र मुलांची निराशा झाली. काचेपलीकडे झाडी, उंचवटे, पाणी, सारे होते, वाघ नव्हता. लोक येत, काचेस नाक लावीत, "आहे कुठे? चला पुढं," असे म्हणून निघून जात. कोणी काचेवर थापा मारी. आम्ही मुलांस सांगितले की, आता खरी मृगया सुरू झाली. नऊ-दहा मिनिटे अशीच गेली. मग मधला नातू हळूच म्हणाला, "आजोबा, त्या बांबूंत दोन पांढरे ठिपके हलले." ते वाघाच्या कानांच्या मागील बाजूस असणारे ठिपके होते. वाघ पाठमोरा पडून होता, आणि पट्ट्यांमुळे तो वाळलेल्या बांबूंपासून वेगळा ओळखू येत नव्हता. जो प्राणी सर्वांच्या डोळ्यांसमोर असून शेकडो लोकांस दिसला नाही, तो सहनशील मुलास दिसला. थोड्या वेळाने तो उठला, अंग ताणून काचेलगत आला, आणि आमच्यामध्ये हातभराचे अंतर उरले. कोणी हूं की चूं केले नाही. तो आम्हांकडे पाहत होता. सर्वांस सारख्याच दृष्टीने पाहतो तो पशू, अशी एक व्युत्पत्ती आपले वैयाकरण सांगतात. आणि पाशाने बांधला जातो तो पशू, अशी दुसरी. दोन्ही अर्थ त्या एका क्षणी आमच्यापुढे उभे होते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांस आठवड्यातून एक दिवस उपास घडवितात. रानात शिकार काही रोज मिळत नाही, तेव्हा अधूनमधून रिकामे पोट हाच त्यांचा स्वाभाविक धर्म. हे ऐकून अक्कांस वाघाविषयी एकाएकी आपलेपणा वाटू लागला. मात्र त्याच्या उपासास साबुदाण्याची खिचडी नसते, हे नातवाने त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

दुपार उतरल्यावर आम्ही पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात शिरलो. २०२० साली उभारलेल्या या घरात प्रेक्षकासच आत जावे लागते. पक्षी डोक्यावरून उडतात व आपण ठरलेल्या पुलावरून चालतो. तेथे चित्रबलाक उथळ पाण्यात अर्धवट उघडी चोच झुलवीत चालला होता. तो मासा डोळ्यांनी हेरीत नाही. चोचीस स्पर्श होताच ती मिटते. हे मुलांनी पाहून पाहून ताडले.

मग एका जुन्या वृक्षाखालील बाकावर बसलो असता सूनबाईने दिवसभर मनात ठेवलेला प्रश्न विचारला, "बाबा, मुलांनी वाघ पाहिला हे खरं. पण वाघानं काय पाहिलं? रोज तीच काच आणि तीच माणसं." हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. लोखंडी गजांच्या लहान पिंजऱ्यात जनावर तेच चार पाऊल पुढे, चार पाऊल मागे करीत राही. ते पाहणाऱ्यास ऐट वाटे, परंतु वस्तुतः तो मनाचा रोग होता. जर्मनीतील हागेनबेक याने १९०७ साली गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळे ठेवण्याची रीत घातली, आणि हळूहळू ती जगभर रुजली. आपल्याकडे १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यापासून जागा, आहार, वैद्यकीय देखरेख यांचे नियम झाले. त्याच प्राधिकरणाने २००९ साली ठरविले की हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नयेत. इतक्या चालणाऱ्या, इतक्या मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या प्राण्यास तेथील जागा पुरावयाची नाही. हत्तीवरील फेरीचा विचार करताना हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या बाजूस गिधाडांचे उदाहरण आहे. गुरांस दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि थोड्याच वर्षांत कोट्यवधी पक्षी नाहीसे झाले. गुरांसाठी या औषधास २००६ साली बंदी झाली. तोवर हरियाणातील पिंजोर येथे गिधाडे बंदिवासात सांभाळून त्यांची वीण वाढविण्याचे काम सुरू झाले होते. त्या केंद्राचे नाव जटायूवरून ठेवले आहे. तेथे वाढलेली वीस गिधाडे २०२४ च्या आरंभी विदर्भातील पेंच व ताडोबा येथे आकाशात सोडण्याच्या तयारीने आणली गेली. जाळी नसती तर आज ती जात उरली असती की नाही, कोण सांगेल?

आमचे मत असे पडले की, कोंडलेल्या प्रत्येक प्राण्याचे आपल्यावर ऋण असते. त्याच्या रानातील भाऊबंदांच्या रक्षणास त्याच्या बंदिवासाचा उपयोग झाला, आणि त्यास पाहून गेलेल्या मुलाच्या मनात रानाविषयी आस्था उपजली, तरच त्या ऋणाची थोडीबहुत फेड होते. सूनबाई म्हणाली, "फेड होते आहे की नाही, हे मात्र दर वर्षी येऊन तपासायला हवं." तिचे समाधान झाले नव्हते, आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नव्हता. असे असमाधानी प्रेक्षकच प्राणिसंग्रहालयांस सुधारण्यास भाग पाडीत आले आहेत.

आता वाचकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. बागेत सकाळी लवकर जावे. ऊन चढल्यावर बहुतेक प्राणी सावलीस निजतात. भडक आवाज करणारी खेळणी घरी ठेवावी. काचेवर थाप मारू नये. प्राणी निश्चल दिसला म्हणून त्याच्यावर खडा किंवा नाणे फेकू नये. अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात २०२४ साली मगरीच्या कुळातील एका प्राण्याच्या पोटातून ७० नाणी काढावी लागली, ती सारी सज्जन प्रेक्षकांनीच त्याच्या पाण्यात टाकलेली होती. छायाचित्र काढावयाचे तर पाहून झाल्यावर काढावे. मुलांस वही-पेन्सिल द्यावी व पाटी शेवटी वाचावी. आधी पाटी वाचली की डोळे आळसावतात. आणि घरातील वृद्धांस अवश्य बरोबर न्यावे. एका जागी स्वस्थ बसून राहण्याची जी कला येथे लागते, ती त्यांच्याइतकी घरात दुसऱ्या कोणास अवगत नसते.

राणीच्या बागेस बुधवारी सुटी असते. माणसांची वर्दळ नाही असा आठवड्यातील तो एक दिवस प्राण्यांचा आहे; तो सोडून उरलेल्या कोणत्याही दिवशी जावे.